दाराकडे पाठ

१

मेकअपच्या खुर्चीत बसणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक, बसल्या बसल्या जगभरच्या चौकशा करणारी. दुसरी, पाठ टेकली की घोरणारी. ताईचा नवरा दुसऱ्या प्रकारातला. कपाळाला स्पंज लागायचा अवकाश, त्याची मान कलायची. मग ताई एका हाताने त्याची हनुवटी धरायची आणि दुसऱ्या हाताने त्याला आजारी करायची.

आजारी करणं हेच तिचं या मालिकेतलं काम होतं. मालिका होती अणुवीज केंद्रातल्या अपघाताची. शहराबाहेरच्या एका रिकाम्या गोदामात केंद्राचा नियंत्रण कक्ष उभा केला होता. भिंती प्लायवूडच्या, बटणं लाकडाची, पोलादी दारसुद्धा रंगवलेलं लाकूडच. खरे होते ते फक्त लुकलुकणारे दिवे. अपघाताच्या वेळी पाळीवर असलेल्या माणसांची कातडी भागागणिक कशी बदलत जाईल, याचे ताईने चार टप्पे ठरवले होते. पहिला, उन्हाने रापल्यासारखा लाल. दुसरा, विटेसारखा. तिसऱ्यात फोड. चौथा रबर आणि डिंकाचा. तो करायचा असला की त्या दिवशी तिला स्वतःला जेवण जायचं नाही.

सेटवर सगळे तिला ताई म्हणत, त्यामुळे नवऱ्याचा आपोआप भावोजी झाला होता. त्याला ते मुळीच आवडत नसे. पण बोलणार काय? उभं आयुष्य त्याने मोटारीचं दार उघडणाऱ्या शिपायाचं, साहेबाला फाइल देणाऱ्या कारकुनाचं आणि गर्दीत ‘पकडा, पकडा’ ओरडणाऱ्या माणसाचं काम केलं होतं. ‘पकडा’ तरी स्पष्ट ऐकू येतं, म्हणून त्याची आई तो सिनेमा पुन्हा पुन्हा बघायची.

या मालिकेत मात्र त्याला चेहरा मिळाला होता. स्फोट झालाय यावर वरिष्ठांचा विश्वास बसत नाही, म्हणून ते एका ऑपरेटरला अणुभट्टी बघून यायला पाठवतात. तो बोळातून चालत जातो, पोलादी दार उघडतो, आत डोकावतो आणि परत येऊन सांगतो, “काही नाही. आत काहीच नाही.” एवढंच वाक्य. पण सगळी मालिका त्या वाक्यावर उभी होती, आणि ते भावोजीच्या वाट्याला आलं होतं. सासूबाईंनी अख्ख्या इमारतीला ते पाठ करून दाखवलं होतं.

त्या दारावरून पहिल्याच दिवशी वाद झाला. सल्ला द्यायला एक निवृत्त इंजिनिअर यायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर म्हणाले, “हा चौकटीतून डावा गाल आत घालून डोकावतो. भाजणार तो डावा गाल.”

दिग्दर्शकाला हे पटलं नाही. त्याला पाठीमागे सगळे ‘अजूनएक’ म्हणत. कुठलाही शॉट कितीही छान होवो, त्याच्या तोंडून तेवढेच दोन शब्द निघायचे. तो म्हणाला, “मास्तर, कॅमेरा दाराच्या बाजूला, चौकटीला खेटून आहे. त्याची दाराकडे पाठ. त्याला दिसतो उजवा गाल. ताई, तुम्ही उजवा रंगवा. दार कुठल्या बाजूने उघडतं ते बघायला प्रेक्षक मोजपट्टी घेऊन बसणार नाहीत.”

ताईने उजवा गाल रंगवला. तिचा तसा दोघांशीही वाद नव्हता.

२

दाराच्या शॉटला अजूनएकने दिवसभर ‘अजून एक, अजून एक’ केलं. भावोजी जायचा, दार उघडायचा, डोकावायचा, परत यायचा. संध्याकाळी तो खुर्चीत येऊन बसला आणि नेहमीसारखा झोपला.

ताईने कापूस तेलात बुडवून उजवा गाल पुसला. कापूस लाल झाला. दुसरा बोळा घेतला, तो गुलाबी झाला. तिसरा पांढरा राहिला, म्हणजे चेहरा स्वच्छ. ही तिची जुनी पद्धत. कापूस पांढरा निघेपर्यंत ती कुणाला खुर्चीतून उठू देत नसे. मग तिचं लक्ष डाव्या गालाकडे गेलं. तोही लाल होता.

‘घ्या,’ ती मनाशी म्हणाली, ‘आरशाने फसवलं.’

हा घोळ तिच्या धंद्यातला फार जुना. आरशात बघून रंगवायचं आणि डावं-उजवं उलटं करून बसायचं. शिकाऊ असताना तिने एका खलनायकाच्या गालावरचा व्रण मध्यंतरानंतर दुसऱ्या गालावर नेऊन ठेवला होता. म्हातारपणी पुन्हा तेच सुरू झालं म्हणायचं, असं पुटपुटत तिने डाव्या गालावरून कापूस फिरवला.

कापूस पांढराच राहिला.

तिने जोर लावून पुसलं. भावोजी झोपेत कण्हला. कापूस पांढरा, गाल लाल. कानापासून नाकापर्यंत, अगदी तिच्या पहिल्या टप्प्यासारखा. कडा मात्र तिच्यापेक्षा सफाईदार होती. चौकटीमागे जेवढा चेहरा झाकला जाईल तेवढा गोरा आणि उरलेला लाल, मध्ये सरळ उभी रेघ. इतकी सरळ रेघ तिला जन्मात जमली नव्हती.

“दिव्याची धग लागली असेल,” घरी जाताना भावोजी म्हणाला. दारामागे एक मोठा दिवा ठेवलेला होता, हे खरंच होतं. ताईलाही ते पटलं, किंवा पटलं असं तिने ठरवलं.

३

दुसऱ्या दिवशी तिने चौकशी केली. दिवा लावणारा म्हणाला, “ताई, तो दिवा कालपासून बंद आहे. साहेबांना आत अंधारच हवाय.”

भावोजीला सकाळचा चहा जाईना. “तोंडाला पत्र्याची चव आहे,” तो म्हणाला. सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. चहा बिघडला की त्यात त्यांच्या मुलाच्या जिभेचा दोष कधीच नसायचा. ताईने मुकाट्याने पुन्हा चहा केला. तोही त्याने तसाच ठेवला.

कातडीच्या डॉक्टरने गाल बघितला आणि लगेच विचारलं, “मेकअप करता?”

“हो.”

“त्याचीच अ‍ॅलर्जी. बंद करा ते रंग.”

ताईला हे फार लागलं. हयातभर लोकांच्या तोंडाला रंग लावला, कुणाला कधी पुरळसुद्धा उठलं नाही. आणि या गालाला तर तिने बोटही लावलं नव्हतं. पण डॉक्टरांना सांगणार काय? जिथे रंग लावला तिथे काही नाही आणि जिथे नाही लावला तिथे झालंय? भावोजीने खाली मान घालून मलमाची चिठ्ठी घेतली.

अजूनएकला दाराचे शॉट पसंत नव्हते. दर दोन-चार दिवसांनी तो पुन्हा दाराशी यायचा. दर वेळी संध्याकाळी भावोजीचा डावा गाल थोडा गडद झालेला असायचा. ताईने स्वतःशी युक्तिवाद केला: मलम लागू पडत नसेल, गोदामात कसलं रसायन साठवलेलं असेल, लाकडाचा रंग कच्चा असेल. शेवटी न राहवून ती मास्तरांकडे गेली.

मास्तर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून आपलं जुनं यंत्र आणलं. किरणोत्सर्ग असला की ते टकटक करतं. मेकअपच्या खोलीत ते टेबलावर ठेवलं तेव्हा थोडा वेळ गेला, मग एक टक्. मग बऱ्याच वेळाने आणखी एक.

ताई दचकली.

“घाबरू नका,” मास्तर म्हणाले. “एवढं सगळीकडे असतं. मातीत, भिंतीत, तुमच्या-माझ्या हाडांत. याहून जास्त वाजलं तर काळजी.”

दोघं बोळातून दारापर्यंत गेले. मास्तरांनी दार थोडं ढकललं आणि यंत्र फटीशी धरलं. ताई श्वास रोखून थांबली. यंत्र गप्प होतं.

“बघा,” ती सुटकेने म्हणाली. “काही नाही.”

मास्तरांनी यंत्र कानाशी नेलं, झटकलं, पुन्हा फटीशी धरलं. ते तसेच उभे राहिले, इतका वेळ की ताईचे पाय अवघडले. एकही टक् नाही. मागे चार पावलं आले तेव्हा यंत्र वाजलं. पुन्हा पुढे गेले, पुन्हा गप्प.

“बॅटरी गेली असेल,” मास्तर म्हणाले. त्यांनी दार ओढून घेतलं, ते मात्र जरा जोरातच. “तेवढं तर सगळीकडे असतं हो. असायलाच हवं.”

दुसऱ्या दिवसापासून मास्तर आले नाहीत. गुडघे दुखतात असा त्यांचा निरोप आला. सेटवरच्या पोरांनी गुडघ्यांची यथेच्छ चेष्टा केली. ताईला हसू आलं नाही.

४

दुपारी जेवायला सगळे बाहेर अंगणात गेले की सेट ओस पडायचा. ताईने तीच वेळ निवडली.

आधी ती सेटच्या मागच्या बाजूला गेली. दारामागे काय असतं ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तिथे सुतारकाका फळीवर आडवे झाले होते.

“काय हरवलं, ताई?”

“काही नाही काका. या दारामागे काय आहे?”

“असणार काय?” काकांनी पडल्या पडल्या हात केला. “प्लायवूड, काळं कापड, तो बंद दिवा. आणि मागे गोदामाची भिंत. मी स्वतः ठोकलंय सगळं. उंदीर शिरायलाही जागा नाही.”

तिने कापडाला हात लावला. थंड होतं. दिव्याची वायर गुंडाळून ठेवलेली होती. भिंत हातभर अंतरावर होती, विटांची, साधी. ताईला एकदम मोकळं वाटलं आणि स्वतःचा रागही आला. एवढी शिकलेली बाई, आणि लाकडाच्या दाराला घाबरते.

त्याच मोकळेपणाने ती पुढच्या बाजूला आली, बोळातून चालत गेली आणि दाराशी थांबली. आत डोकावायचं धाडस मात्र झालं नाही. पिशवीत कामाचा हातआरसा होता, लांब दांड्याचा. डोक्याची मागची बाजू दाखवायला वापरतात तसा. तिने दार थोडं उघडलं, स्वतः चौकटीच्या आड राहिली आणि फक्त आरसा आत धरला.

आत कापड असायला हवं होतं. आरशात काळोख होता, पण कापडाचा नव्हे. त्याला खोली होती. विहिरीत वाकून बघितल्यावर असते तशी. आवाज कसलाच नव्हता. अंगणातलं हसणं, ताटांचा खणखणाट इतका वेळ ऐकू येत होता, तोही बंद झाला होता. आणि दांडा धरलेल्या बोटांना ऊब लागत होती.

मग नजर सरावली. खूप खाली, खूप लांब, निळसर उजेडाचा एक चौकोन होता आणि त्यात माणसं बसली होती. दाटीवाटीने, दोन-तीन ओळींत. त्यांचे चेहरे वर होते, थेट तिच्याकडे. सगळ्यांनी डोळ्यांवर हात आडवा धरला होता, उन्हाकडे बघताना धरतात तसा. म्हणजे उजेड त्यांच्याकडून येत नव्हता. उजेड जात होता तो इकडून, तिच्या बाजूने.

एकाच माणसाने हात डोळ्यांवर धरला नव्हता. पुढच्या ओळीतल्या त्या माणसाने हात कानामागे धरला होता, कमी ऐकू येणारी माणसं धरतात तसा.

ताईने आरसा ओढून घेतला. दार आपोआप मिटलं. अंगणातून कुणीतरी ओरडलं, “ताई, ताट वाढलंय!”

आरशाचा पारा एका कडेने तपकिरी होऊन उडाला होता. जुना आरसा होता, उडतो पारा. बोटं बघायचं तिने टाळलं.

५

“अहो, उद्या त्या दाराशी जाऊ नका,” ती घरी म्हणाली.

“उद्या शेवटचा शॉट आहे. परवा सेट तोडणार, गोदाम रिकामं करून द्यायचंय. आणि मी जाऊ नको?”

“गाल बघितलात का आरशात?”

“बघितलाय.” तो खाटेवर बसून पायमोजे काढत होता. “अगं, उभ्या जन्मात एकदा कुणीतरी माझ्या तोंडावर कॅमेरा लावलाय. भाजलं तर भाजू दे.”

“आत काय दिसतं तुम्हाला?”

तो थांबला. मोजा हातात तसाच राहिला.

“काही नाही,” तो म्हणाला. “आत काहीच नाही.” मालिकेत म्हणतो त्याहून फार चांगलं म्हणाला. पण म्हणताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

सकाळी तो खुर्चीत बसला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळीखाली एक छोटा फोड आला होता. पाण्याने भरलेला, टचटचीत. तिसरा टप्पा. चौथा कसा दिसतो हे या जगात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तो तिनेच ठरवला होता. दिग्दर्शकाला सांगून उपयोग नव्हता. तो म्हणाला असता, वा, फोड मस्त जमलाय. रंगवलेली आजारी माणसं भरलेल्या या गोदामात खरा आजार कुणाला दिसणारच नव्हता. जो तो म्हणणार, ताईच्या हाताला जादू आहे.

भावोजीची मान कलली. त्याला झोप लागली. भूमिकेसाठी त्याने भरघोस मिशी वाढवली होती आणि तिच्या कडा ताई रोज वस्तऱ्याने साफ करायची. तिने वस्तरा उघडला. मनगट त्याच्या हनुवटीला टेकवलं. मग एकाच फटक्यात अर्धी मिशी उतरवली.

पुढे जे झालं ते विचारू नका. भावोजी आधी ओरडला, मग नुसता आरशाकडे बघत राहिला. अजूनएक धावत आला.

“हात सटकला,” ताई म्हणाली.

“तुमचा? हात सटकला?”

“माणसाचाच हात आहे.”

“खोटी लावा!”

“इतक्या जवळून खोटी मिशी कळणार. एकेक केस गुंफून करायची तर चार दिवस लागतील.”

तिला वाटलं, झालं. सेट उद्या तुटणार, शॉट बुडाला, माणूस वाचला. तिचं नाव गेलं ते गेलं. या क्षेत्रात मेकअप करणाऱ्या बाईचा हात सटकला ही बातमी वाऱ्यावर जाते, पुन्हा कुणी काम देत नाही. तिने तेही मान्य केलं होतं.

अजूनएक डोकं धरून बसला. मग हळूहळू त्याचा चेहरा उजळला.

“चेहरा नकोच,” तो म्हणाला. “इतके दिवस मी मूर्खासारखा त्याच्याकडे बघतोय. तो बघतो ते बघायला पाहिजे! कॅमेराच ऑपरेटर. कॅमेरा बोळातून जाईल, दार उघडेल, आणि थेट आत. वाक्य नुसतं ऐकू येईल. कॅमेरा फिरवा रे, दारासमोर आणा!”

“नको,” ताई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. मग पोरं कॅमेरा ओढायला लागली. आजवर कॅमेऱ्याची त्या दाराकडे पाठ होती. ती तिने फिरवली होती.

पहिल्याच शॉटला अजूनएक म्हणाला, “झालं.” त्याच्या तोंडून हा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता. पडद्यावर म्हणे नुसता पांढरा उजेड आला होता, सुंदर. कॅमेरा चालवणारा डोळा चोळत पाणी मारायला गेला.

६

सेट तुटला. भावोजीचा गाल सोलला आणि हळूहळू भरून आला. पत्र्याची चव गेली. मिशीही उगवली. बोलणं मात्र उगवायला वेळ लागला. “माझा चेहरा कापलास तू,” एवढंच तो म्हणाला होता, आणि ते खरंच होतं. ताईने ते ऐकून घेतलं. जिवंत माणूस रुसतो तरी.

तो भाग लागायचा त्या संध्याकाळी भावोजी बाहेर निघून गेला. त्याला बघायचा नव्हता. सासूबाई मात्र चहा पिऊन, चष्मा पुसून टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसल्या. चेहरा नाही तर नाही, मुलाचा आवाज तर होता.

ताईने सगळं ठरवून ठेवलं होतं. पडद्यावर बोळ सुरू झाला, पावलांचा आवाज आला, तशी ती उठली आणि दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला. घर अंधारलं.

“गेली का वीज?” सासूबाई किंचाळल्या. “आत्ताच जायची होती मेलीला!”

“येईल आई. बसा जरा.”

ती स्विचला पाठ लावून उभी राहिली. सुटलो, तिला वाटलं. मग तिला पावलं ऐकू आली, तीच, बोळातली. ती भिंतीपलीकडून येत होती. शेजारच्या काकूंचा टीव्ही चालू होता. तिथे इमारतीतल्या बायका जमल्या होत्या. सासूबाईंनीच तर सगळ्यांना सांगितलं होतं.

“आई,” ती म्हणाली.

खुर्ची रिकामी होती. म्हातारी गुडघे दुखतात म्हणून एरवी जिना उतरत नसे, ती अंधारातून चपला न घालता शेजारी पोचली होती.

ताई धावली. काकूंचं दार उघडंच होतं. बायकांच्या अंगावरून, पायांवरून वाट काढत ती थेट टीव्हीपर्यंत गेली, आणि बटण शोधायला मागे हात नेताना वळली. तिची पाठ पडद्याकडे झाली. तोंड बायकांकडे.

सगळे आवाज थांबले. निळसर उजेडात बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, दोन-तीन ओळींत. चेहरे वर, तिच्याकडे. मग तिच्या पाठीमागून पांढरा उजेड आला आणि सगळ्यांचे हात एकदम डोळ्यांवर गेले.

सासूबाईंचा हात फक्त कानामागे होता. त्या पुढच्या ओळीत बसल्या होत्या आणि मुलाचं वाक्य यायची वाट बघत होत्या.

ताई बटण शोधायचं विसरली. तिने दोन्ही हात पसरले, जमतील तेवढे, आणि सासूबाईंच्या समोर सरकली. मानेला ऊब लागली. मग ऊब राहिली नाही.

“अगं, बाजूला हो ना,” सासूबाई वैतागून म्हणाल्या. “काही दिसू देशील का मला?”

ती हलली नाही.

“काही नाही,” पाठीमागून नवऱ्याचा आवाज आला. “आत काहीच नाही.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या.

७

सकाळी काकू आल्या. “तुझ्याकडे एखादं क्रीम असेल ना गं? ऊन लागल्यासारखं झालंय. घराबाहेर पडले नाही तरी.” त्यांचा डावा गाल लाल होता. पाठोपाठ वरच्या मजल्यावरची आली, तिचा उजवा. मग सुनेला घेऊन आणखी एक, दोघींची कपाळं आणि बोटांच्या मागची बाजू. काल कोण कुठे बसलं होतं हे ताईला आता नुसत्या चेहऱ्यांवरून सांगता आलं असतं. पहिला टप्पा. तिने एकेकीला जवळ घेऊन तेलाचा कापूस फिरवला. एकही बोळा रंगला नाही.

“दुपारी पुन्हा दाखवणार आहेत,” काकू जाताना म्हणाल्या. “बहिणीला फोन करून सांगितलंय. तिच्याकडे तर सगळी गल्ली बघते म्हणे.”

ताईने चॅनेलला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, कालचा भाग लोकांना फारच आवडलाय. ताईने फोन ठेवला.

सासूबाईंचा चेहरा स्वच्छ होता. ताईने तो खिडकीशी नेऊन नीट बघितला, तिथल्या तिथे मुका घेतला, आणि सासूबाई “हे काय आता” म्हणून लाजल्या. फक्त कानामागे धरलेला हात सुनेच्या सावलीबाहेर राहिला असावा. त्याची बोटं तांबूस होती.

भावोजी चहाचा कप घेऊन दारात उभा होता. खूप दिवसांनी तो आपणहून बोलला.

“अगं, मानेला काय लावलंयस?”

“कुठे?”

“मागे. केस वर घे बघू.” तो जवळ आला. “पाठीवरही आहे. रंग सांडून घेतलास की काय? बस. पुसून देतो.”

ती आपल्याच खुर्चीत बसली. हयातभर तिने लोकांना बसवलं होतं, तिला कुणी कधी बसवलं नव्हतं. त्याने कापूस तेलात बुडवला, तिची मान एका हाताने धरली, अगदी ती धरायची तशी, आणि हळूच पुसू लागला. मग जरा जोरात. मग त्याने दुसरा बोळा घेतला. मग त्याचा हात थांबला.

“काय झालं?” तिने विचारलं.

भिंतीपलीकडे कुणीतरी टीव्ही लावला.

“काही नाही,” तो म्हणाला. “काहीच नाही.”

ताईच्या मांडीवर हातआरसा होता. तिने तो उचलून खांद्यावरून मागे धरला. पारा उडालेल्या कडेत त्याचा हात दिसत होता आणि त्यातला कापूस. कापूस पांढराच होता.